जांभळाची झाकणी

माय गेली तेव्हा मी रडले नाही, ही गोष्ट मोहाडीतल्या बायकांना वर्षभर पुरली. कोणी म्हणे पोरगी घट्ट आहे, कोणी म्हणे मतलबी आहे. मी घट्टही नव्हते आणि मतलबीही नव्हते. मला रडू येत नव्हतं, एवढंच. चौदा वर्षांची होते. मायला पाच दिवस ताप होता. सहाव्या दिवशी शेजाऱ्यांच्या छकड्यातून तिला भंडाऱ्याला न्यायला निघालो आणि वरठीच्या रेल्वे फाटकापाशी अडकलो. मालगाडी जात होती. मायचं डोकं मांडीवर घेऊन मी डबे मोजत बसले, कारण गाडी दिसली की डबे मोजायचे अशी माझी लहानपणापासूनची खोड होती. चौतीस झाले. फाटक उघडलं तेव्हा बाबांनी गाडीवानाला हातानं खूण केली, की आता पुढे जायची गरज नाही. नंतर कोणी विचारलं, माय कशी गेली गं, तर मला आधी तो चौतीसचा आकडा आठवायचा. तो काही कोणाला सांगता येत नाही, म्हणून मी गप्प बसायची.

तिच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि मग माझ्या लक्षात आलं की जेवणाला चव लागत नाही. आधी वाटलं, शेजारणी वरण पाठवतात त्यातच मीठ नसेल. मग एकदा मुद्दाम मिठाच्या बरणीत बोट घालून चाटलं. बारीक रेती जिभेवर फिरावी तसं वाटलं, बाकी काही नाही. गूळ नुसताच चिकट लागला. हिरवी मिरची चावली तर डोळ्यांतून आणि नाकातून पाणी आलं, पण तिखट म्हणून जे काही असतं ते आलं नाही. हे मी कोणालाच सांगितलं नाही. माय मेली आणि मला लाखोळीच्या वरणाची चव लागत नाही, असं कोणत्या तोंडानं सांगणार? अलीकडे त्या मोठ्या साथीत लोकांच्या तोंडाची चव गेली तेव्हा आमच्या कॉलनीत केवढा हाहाकार झाला. मलाही साथ झाली, चव गेली, आणि सून घाबरून दर तासाला विचारायची, आई, आता लागतेय का काही? मी तिला म्हटलं, बाई, माझी ही दुसरी खेप आहे. तिला वाटलं, म्हातारी तापात बरळतेय.

आमचं घर म्हणजे गावाबाहेरच्या डाकबंगल्यामागच्या दोन खोल्या. बाबा तिथे खानसामा होते. दौऱ्यावरचे साहेब यायचे, राहायचे, जायचे, आणि त्यांच्या पोटापाण्याची सगळी जबाबदारी बाबांवर. पांढरा कोट घातला की माझे बाबा मला दुसरेच कोणी वाटायचे. रस्सा झाला की पळीतला थेंब ते डाव्या हाताच्या मागच्या बाजूवर घेत, चाटत आणि डोळे मिटून उभे राहत. तेवढ्या वेळात चौकीदारसुद्धा खोकत नसे. पण घरच्या चुलीला या माणसानं जन्मात हात लावला नव्हता. घरी ते फक्त जेवायचे आणि खोड काढायचे. आज हळद उशिरा पडली, वांगं बाजारातून शिळं आलं, फोडणीत लसूण जळाला. माय ऐकून घ्यायची आणि म्हणायची, तुमच्या साहेबाले सांगजा, माह्या चुलीवर तुमचा कोट चालत नाही. मग दोघंही हसायची. मी त्यांना एकमेकांशी प्रेमानं बोलताना कधी ऐकलं नाही. हळद आणि लसूण हेच त्यांचं बोलणं होतं.

माय गेल्यावर रांधायचं काम माझ्याकडे आलं, आणि बाबांनी खोड काढणं बंद केलं. मी जे वाढायची ते निमूट खायचे, ताटात हात धुवायचे आणि उठायचे. मला वाटायचं, पोरीला कशाला बोला म्हणून गप्प आहेत. मला स्वतःला काहीच कळत नसल्यामुळे मी चव पाहण्याचं काम माझ्या भावावर टाकलं होतं. नंदू पाच वर्षांचा. चुलीजवळ पाटावर बसवून मी त्याच्या तळहातावर थेंब टाकायची आणि तो बाबांसारखे डोळे मिटून निकाल द्यायचा. मीठ कमी हाय. तिखट लई झालं. एकदा म्हणाला, बाई, याच्यात कायच नाही. मला तो बाईच म्हणायचा, थोरल्या बहिणीला आमच्याकडे म्हणतात तसं. आमचं घर त्याच्या जिभेवर चाललं होतं, आणि मला यात काही वावगं वाटत नव्हतं. खरं तर कशातच काही वाटत नव्हतं. सकाळी उठायचं, गोवऱ्या पेटवायच्या, विहिरीवरून पाणी आणायचं, नंदूचं नाक पुसायचं. हात कामं करत होते आणि मी कुठेतरी बाजूला बसून होते.

आता झाकणीचं सांगते. बाबा ज्या म्हाताऱ्या खानसाम्याच्या हाताखाली काम शिकले, त्यानं गोऱ्या साहेबांचा जमाना पाहिला होता. साहेबांच्या देशात काळी काळी रानफळं होतात, ती साखरेत शिजवून वर मऊ पिठाचं झाकण घालून भट्टीत भाजतात, असा एक गोड पदार्थ त्यानं बाबांना शिकवला. आमच्याकडे ते फळ नाही आणि भट्टीही नाही. म्हणून जांभूळ घ्यायचं, आणि गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या, खाली निखारे, वरच्या झाकणावरही निखारे. बाबा त्याचं इंग्रजी नाव मोठ्या ऐटीत घ्यायचे. मायची जीभ त्या नावाला वळेना, म्हणून ती म्हणायची झाकणी. बाबांनी तिला कृती तोंडी सांगितली, तिनं तिच्यात आपल्या मनानं फरक केले, आणि तिची झाकणी बाबांच्या झाकणीपेक्षा चांगली व्हायला लागली. हे बाबांनी एकदाच कबूल केलं होतं, तेही चौकीदाराजवळ.

तिची पद्धत अशी. डाकबंगल्याच्या मागच्या झाडाची, खाली पडून न फुटलेली जांभळं वेचायची. त्यांना मूठभर मीठ चोळून घडीभर ठेवायचं, म्हणजे तुरटपणा सुटतो. मग तीन पाण्यांतून धुऊन काढायची, बिया काढायच्या, गर गंजात घालून गूळ आणि विलायची टाकायची. मंद आचेवर गूळ विरघळून रस दाट व्हायला लागला की उतरवायचं. वरून कणीक आणि तांदळाचं पीठ, लोणी आणि दूध घालून सैल कालवलेलं. ते थापायचं नाही, पळीनं सोडायचं, मध्ये मध्ये फटी राहू द्यायच्या. त्या फटींतून जांभळा रस वर उसळतो आणि पिठाच्या कडेला जळून चिकट होतो. आम्ही भावंडं त्या कडेसाठी भांडायचो. गेल्या वर्षी पुण्याला नातीनं ओव्हनमध्ये असंच काहीतरी केलं. गोठवलेली ब्लॅकबेरी मागवली होती, वजनकाट्यावर पीठ तोललं, फोनवर व्हिडिओ लावला. झाल्यावर म्हणाली, आजी, सांग ना कसं झालंय. चांगलं झालं होतं. मी म्हटलं, फटी कमी ठेवल्यास. तिला वाटलं मी खोड काढते. काढतच होते.

मायची थोरली बहीण अड्याळला दिलेली होती. तिला आम्ही मोठमाय म्हणायचो. घरी धानाची शेती, दोन मोठे मुलगे, हाताला आणि शब्दाला दोन्हींना जड बाई. पुण्यानुमोदनाला आली तेव्हाच तिनं नंदूच्या डोक्यातले फोड पाहिले होते. पंधरा दिवसांनी पुन्हा आली तर नंदू घरात नव्हता. आठवडी बाजाराच्या वाटेवर एकटाच चालताना सापडला. मायला शोधायला निघालो, म्हणाला. जाताना मोठमाय बाबांसमोर, माझ्यासमोर आणि नंदूसमोर स्पष्ट सांगून गेली, की शाळा उघडायच्या आधी एकदा येतो, घर नीट दिसलं तर बरं, नाहीतर पोरगा अड्याळले नेतो. आमच्याकडे बायकोची थोरली बहीण म्हणजे आकडसासू. तिच्यापुढे जावई मान वर करत नाही. बाबांनी खालच्या मानेनंच होकार दिला.

नंदू जाऊ नये, हे मला पक्कं कळत होतं. त्यात माया किती होती ते आज खरंच सांगता येत नाही. गणिताचं उत्तर माहीत असावं तसं ते माहीत होतं. तो गेला तर त्या दोन खोल्यांत बाबा आणि मी, आणि दोघांपैकी एकाच्याही तोंडून शब्द निघत नव्हता. म्हणून मी कामाला लागले. खोल्या सारवल्या, नंदूच्या डोक्याला कडुलिंबाचं तेल चोळलं, फोड बसले. स्वयंपाकही सुधारला. म्हणजे नंदूच्या निकालावरून मला तसं वाटलं. मोठमाय येऊन गेल्यापासून तो तळहात चाटायचा आणि दर वेळी म्हणायचा, मस्त हाय बाई. एकदाही मीठ कमी नाही, एकदाही तिखट जास्त नाही. मला वाटलं, माझा हात बसला. इतकी शिकले, पुढे मुख्याध्यापिका झाले, शेकडो पोरांची खोटी कारणं नुसत्या चेहऱ्यावरून ओळखली, पण तेव्हा घरातलं एक पोर मला ओळखता आलं नाही.

मोठमाय येणार त्या दिवशी झाकणी करायची, असं मी ठरवलं. तिला बहिणीच्या हातची झाकणी फार आवडायची; मायसारखी झाकणी समोर आली की तिला पटेल, या घरात अजून बाईमाणूस आहे. पण त्या उन्हाळ्यात वावधान, म्हणजे वादळ, येऊन डाकबंगल्यामागच्या झाडाची मोठी फांदी मोडली होती आणि उरलेल्या झाडाला जांभळं नीट धरली नव्हती. म्हणून मी आणि नंदू आठवडी बाजारात गेलो. तिथे जांभळं विकणाऱ्या बाया पहाटेच टोपलीत मीठ फिरवून ठेवतात. गिऱ्हाइकानं पळसाच्या द्रोणात घ्यायची आणि उभ्या उभ्या खायची, म्हणून. मला हे माहीत होतं. लहानपणापासून तशी खाल्लीही होती. पण खाल्लेलं जिभेला आठवतं, आणि माझी जीभ जागेवर नव्हती. मी टोपलीतली सगळी जांभळं घेतली, घरी आणली, आणि मायनं शिकवल्याप्रमाणे त्यांना पुन्हा मूठभर मीठ चोळून ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर अर्धीअधिक जांभळं फुटलेली. धुवायला घेतली तर पाण्याबरोबर रसच वाहून जायला लागला, आणि मायच्या झाकणीत रस तर पुष्कळ असायचा. म्हणून मी एकाच पाण्यातून काढली. बिया काढताना नंदू मदतीला बसला. त्याची बोटं, बंडी, हनुवटी सगळं जांभळं झालं. गर गंजात घातला, गूळ फोडून टाकला, विलायची कुटून टाकली. विलायचीचा वास नाकापर्यंत आला आणि तिथेच राहिला. पिठाची पळी सोडायच्या आधी मी गराचा चमचा फुंकून गार केला आणि नंदूच्या तोंडात घातला. त्यानं तो बराच वेळ तोंडात धरला. मी विचारलं, गूळ अजून टाकू का? त्यानं मान हलवून नाही म्हटलं, गिळलं, आणि म्हणाला, गोड हाय, मायच्यासारखं हाय. मग उठून माठाकडे गेला आणि पाणी प्यायला. मी पाहिलं, पण त्याचा काही अर्थ मला लागला नाही. मी झाकणावर निखारे रचत होते.

झाकणी दिसायला देखणी झाली होती. पिठाचे फुगवटे तांबूस, फटींतून काळपट रस, कडेला जळकी चिकटी. मोठमाय दुपारच्या बसनं आली, बरोबर चिन्नोर तांदळाची पिशवी. तिनं आधी नंदूचं डोकं पाहिलं, मग सारवलेली जमीन, मग माठावरचं झाकण. तिच्या कपाळावरची आठी सैल झाली. बाबा डाकबंगल्यावरून जेवायला आले. वरण, भात, वांग्याची भाजी झाली, ती सगळ्यांनी खाल्ली. मग मी चार वाट्यांत झाकणी वाढली आणि माझी वाटी घेऊन भिंतीला टेकून उभी राहिले. बाबा भराभर खायला लागले. नंदू खाली मान घालून एक एक घास गिळत होता. मोठमायनं पहिला घास तोंडात घेतला आणि तिचा हात थांबला. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. बाबांची वाटी रिकामी झाली होती आणि ते ती माझ्यापुढे धरत होते, अजून वाढ म्हणून.

“जवाई,” मोठमाय हळू आवाजात म्हणाली, “कसं झालं?”

बाबांनी मान खाली ठेवूनच सांगितलं, की मस्त झालं, हिच्या मायच्या हातचंच वाटते. मग तिनं मला विचारलं, तू चाखलं का? मी म्हटलं, हो. कसं लागलं? मी म्हटलं, गोड. मग तिनं नंदूला जवळ ओढलं आणि त्यालाही तेच विचारलं. नंदूनं आधी माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी उभं होतं, ओठ मिठानं पांढुरके पडले होते, आणि तो अगदी स्पष्ट, शाळेत कविता म्हणावी तसा म्हणाला, “गोड हाय, मोठमाय. लई गोड हाय.”

मोठमायनं त्याच्या हातातली वाटी काढून घेतली, त्याला पाणी पाजलं, आणि मग बाबांना म्हणाली, “हे मिठाचं हाय, जवाई. जिभेवर ठेववत नाही. तुमाले समजलं नाही?”

बाबांनी पहिल्यांदाच मान वर केली. मी वाढलेली दुसरी वाटी त्यांनी तोवर अर्धी संपवली होती. त्यांनी बोटाला रस लावला, डाव्या हाताच्या मागे लावला, चाटला आणि डोळे मिटले. मी कितीतरी वेळा त्यांना तसं करताना पाहिलं होतं. या वेळी त्यांनी डोळे उघडायला फार वेळ लावला. माझ्या बाबांची जीभ म्हणजे आमचं पोट होती. साहेबलोक त्या जिभेचं नाव काढायचे. मागच्या दोन महिन्यांत एक-दोन साहेबांनी ताटं परत पाठवली होती आणि बाबा घरी येऊन म्हणाले होते, साहेबाले ताप असंल. मला तेही खरंच वाटलं होतं.

“मले काहीच लागत नाही,” बाबा म्हणाले. “ती गेली तवापासून. कोणाले सांगू?”

मी भिंतीपाशीच उभी होते. मी म्हटलं, “मले बी नाही लागत, बाबा.”

तेव्हा आम्ही दोघांनी एकमेकांकडे नीट पाहिलं. रोज दोन्ही वेळा आम्ही समोरासमोर बसून जेवत होतो, मी वाढत होते, ते खात होते, आणि मला वाटत होतं ते माझ्यावर दया करतात, त्यांना वाटत होतं पोरीचा हात बसला. त्या वेळी तरी मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. मला फक्त एवढं वाटलं, की आता गंज घासायला त्रास होईल, कडेला गूळ करपला आहे.

मोठमाय चिडली नाही, आणि तेच वाईट होतं. चिडली असती तर मी भांडले असते. तिनं नंदूला मांडीवर घेतलं, पदरानं त्याची जांभळी हनुवटी पुसली आणि शांतपणे सांगितलं. घर तिनं पाहिलं, स्वच्छ आहे. सुमननं, म्हणजे मी, पोराचं डोकंही नीट केलं. मीठ कोणाच्याही हातून पडतं, त्यासाठी ती पोराला नेणार नव्हती. पण पाच वर्षांचं पोर मीठ खातं आणि गोड म्हणून सांगतं, हे तिला पाहवत नव्हतं.

“तुम्ही दोघं याले सांभाळता असं मले वाटत होतं,” ती म्हणाली. “हेच पोट्टं तुमाले सांभाळून राहिलं, जवाई. मी याले नेतो.”

बाबांनी दोन वेळा मान हलवली. ती खरं बोलत होती. मोठमायनं एकच अट घातली, की सुमनची शाळा सुटता कामा नये. दोन माणसांचा स्वयंपाक, तो सकाळी आटोपून पोरगी शाळेत गेली पाहिजे. मला त्या वेळी त्या अटीचं काहीच वाटलं नाही. पुढचं माझं सगळं आयुष्य, नोकरी, पगार, हे पुण्यातलं घर, त्या अटीतून आलं, आणि ती अट घातली जात होती तेव्हा मी नंदूची दुसरी बंडी शोधत होते.

त्याच दिवशी उन्हं कलायच्या आधी ते निघाले. बसथांब्यापर्यंत मी नंदूला कडेवर नेलं. तो तसा मोठा झाला होता, पण उतरला नाही. मोठमाय पुढे चालत होती. अर्ध्या वाटेत त्यानं माझ्या कानाशी तोंड आणलं आणि विचारलं, “बाई, मी खारट म्हटलं असतं तर मले ठेवलं असतं का?”

त्याचं उत्तर हो असं होतं. त्यानं खरं सांगितलं असतं तर मी गर टाकून दिला असता, नुसत्या दुधात गूळ घालून काहीतरी केलं असतं, मोठमायनं वाटी संपवली असती, आणि तो आमच्याकडे राहिला असता. मी त्याला सांगितलं, नाही रे, तुझं काही चुकलं नाही. आयुष्यात मी थोडंफार खोटं बोलले आहे, पण हे एकच असं आहे की ज्याचा मला कधी पस्तावा झाला नाही. बस आली. तो खिडकीशी बसला आणि माझ्याकडे न बघता पुढच्या सीटची पट्टी दोन्ही हातांनी धरून राहिला. बस गेली. मी घरी येऊन गंज घासला. खरंच पुष्कळ वेळ लागला.

बाबांनी दुसऱ्या दिवसापासून चौकीदाराच्या बायकोला रस्सा चाखायला बोलवायला सुरुवात केली. तिला आधी फार संकोच वाटला. मग ती धीट झाली आणि साहेबांच्या कोंबडीत मसाला कमी आहे असं खुशाल सांगायला लागली. बाबांची चव पावसाळ्यात हळूहळू परत आली. एक दिवस ते ताटावर म्हणाले, भात खाली लागला का गं? मी म्हटलं, हो. त्या दिवशी त्यांनी दोनदा भात घेतला. माझी चव मात्र आली नाही. मी शाळेत जात होते, चांगले गुण मिळत होते, आणि डब्यात काय आहे ते मला डोळ्यांनीच कळायचं. वर्गातल्या मुली नंदूबद्दल विचारायच्या तेव्हा मी सांगायची, तो अड्याळला असतो. जणू तो तिथे नोकरीला होता.

धानाची कापणी सुरू झाली तेव्हा शाळेला सुट्टी लागली आणि बाबांनी मला अड्याळला पाठवलं. बसमधून उतरले तर ओळखीची वाट, दोन्हीकडे कापलेल्या धानाचे भारे. मोठमायच्या अंगणात पाच-सहा पोरं ओरडत पळत होती. त्यांतलं एक थांबलं. केसांना चपचपीत तेल, गाल भरलेले, गुडघा फुटलेला. मला बघून तो पळत आला नाही. दाराकडे तोंड करून ओरडला, “माय, बाई आली.” मोठमाय आतूनच म्हणाली, की बाईले बसव, तिले पाणी दे, ती दुरून आली. मी ओसरीवर बसले.

नंदू आत गेला आणि पाण्याचा गडवा घेऊन आला. पाणी सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून, जीभ दातांत दाबून, एक एक पाऊल टाकत. माझ्यापुढे गडवा ठेवला, हात मागे बांधले आणि शिकवल्यासारखा बाजूला उभा राहिला. आमच्या घरी त्यानं मला कधी पाणी दिलं नव्हतं. तहान लागली की तो माझा पदर ओढायचा. घरचं माणूस आलं तर ते आपलं आपण माठातून घेतं. गडव्यात पाणी भरून ते पाहुण्याला देतात. त्याला हे कोणीतरी नीट शिकवलं होतं आणि तो ते नीट करत होता. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. मी काय म्हणते याची तो वाट बघत नव्हता.

तेव्हा मला दुखलं. छातीत, गळ्यात, दातांच्या मुळांत, जिथे जिथे माणसाला दुखू शकतं तिथे सगळीकडे. मायसाठी, त्याच्यासाठी, फाटकापाशी थांबलेल्या त्या छकड्यासाठी, सगळं एकदमच. ते लपवायला मी गडवा तोंडाला लावला आणि घोट घेतला. पाणी मचूळ लागलं. अड्याळच्या त्या विहिरीचं पाणी तसंच आहे, आजही आहे, तिथल्या लोकांना त्याची सवय असते. मी ते मचूळ पाणी थांबत थांबत, एक एक घोट जिभेवर धरत, तळापर्यंत प्यायले. माझ्या डोळ्यांतून आणि नाकातून पाणी वाहत होतं आणि नंदू गोंधळून माझ्याकडे बघत होता.

“अजून आणू का, बाई?” त्यानं विचारलं.

मी म्हटलं, आण.